रोग दोघांचा, गोळी एकटीला

पांझरेच्या उत्तर तीरावरील आमच्या देवपुरातल्या एका घरची हकीकत नुकतीच आमच्या कानी आली. घरवाल्यांचे नाव, गल्ली, जात यांपैकी काहीही आम्ही सांगणार नाही. कारण ही हकीकत एका घरची म्हणून सांगण्याजोगी नाही, ती आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरची आहे. त्या घरच्या सुनेच्या अंगावरून काही महिने पिवळसर, फेसाळ, वास मारणारे पाणी जात होते. खाज सुटे, लघवीला आग होई. प्रथम तिने कोणास सांगितले नाही. मग सासूस सांगितले. सासूने तुरटीच्या पाण्याने धुवावयास सांगितले. त्याने आग वाढली तेव्हा एकवीरादेवीस नवस बोलला गेला. नंतर डॉक्टर म्हणविणाऱ्या एका गृहस्थाने ‘अशक्तपणा आहे’ म्हणून सलाईनच्या दोन बाटल्या चढविल्या आणि पैसे घेतले. शेवटी ती सरकारी दवाखान्यात गेली, तेथे तपासणी झाली, गोळ्या मिळाल्या, आणि आठवड्याभरात तिला आराम पडला. महिना-सव्वा महिन्याने पुन्हा तेच. पुन्हा गोळ्या, पुन्हा आराम, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेस डॉक्टरीणबाईंनी विचारले, “तुमच्या मालकांनी गोळी घेतली होती ना?” मालकांसाठीची गोळी पहिल्याच खेपेस दिलेली होती. ती घरच्या कोनाड्यात, देवाच्या तसबिरीमागे, तशीच पडून होती. मालकांचे म्हणणे एवढेच, “माले काय व्हयेल शे?” मला काय झाले आहे, मी कशास गोळी खाऊ!

पुढे घरच्या मंडळींनी विचार करून निकाल दिला, तो असा की सुनेच्या अंगातच खोट आहे. तिला माहेरी पाठवून देण्यात आले.

हा विषय वर्तमानपत्रात घेण्यासारखा नाही, असे काही सभ्य गृहस्थ म्हणतील. आमच्या वर्गणीदारांपैकी एक-दोघे अंक परतही पाठवतील. त्यांनी खुशाल पाठवावा. ज्या रोगाने घरातली बाई कुढते, मूल अपुऱ्या दिवसांचे जन्मते आणि सूनबाई माहेरी हाकलली जाते, त्याचे नाव घेण्यास आम्हांस लाज वाटत नाही. शब्दांचे सोवळे पाळणाऱ्यांनी या देशात रोग थांबविल्याचे आम्ही तरी कोठे वाचले नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले आणि गुप्तरोगांविषयी मराठीत उघडपणे लिहिले, तेव्हा त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात वाचकांच्या कामविषयक प्रश्नांना छापून उत्तरे दिली हाच त्यांचा गुन्हा होता. त्यांचे वकीलपत्र घेतले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरला, दंड भरावा लागला. रघुनाथराव जन्माने ब्राह्मण आणि ब्राह्मणेतरांचे हे मासिक त्यांचे गुणगान करते, याचे कोणास नवल वाटेल. आमचे भांडण जन्माशी कधीच नव्हते. अज्ञान राखून त्यावर पोट भरण्याच्या धंद्याशी ते होते, मग तो धंदा करणारा कोणत्याही जातीचा असो; आणि आज तर आपल्यांतलेच पुष्कळ लोक तो करू लागले आहेत. त्याविषयी पुढे लिहू.

आता रोगाविषयी. त्या भगिनीस जो रोग झाला होता त्यास डॉक्टर लोक ट्रायकोमोनियासिस म्हणतात. एका पेशीचा, नासपतीच्या आकाराचा, चाबकासारख्या बारीक तंतूंनी पोहणारा एक सूक्ष्म जीव स्त्रीच्या योनिमार्गात व पुरुषाच्या मूत्रमार्गात राहतो, आणि संबंधाच्या वेळी एकाकडून दुसऱ्याकडे जातो. पॅरिसमधील दोने नावाच्या वैद्याने तो १८३६ साली सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम पाहिला. औषधाने समूळ बऱ्या होणाऱ्या गुप्तरोगांत जगात सर्वांत अधिक पसरलेला रोग हाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे एकट्या २०२० सालात १५ ते ४९ वयाच्या १५ कोटी ६० लक्ष लोकांस त्याची नव्याने लागण झाली. म्हणजे हा कोणा बदफैल्या माणसाचा दुर्मिळ रोग नव्हे. पडसे-खोकल्याप्रमाणे तो भल्याभल्यांच्या घरी आहे. फरक इतकाच की पडसे सांगता येते.

या रोगाची एक खोड ध्यानात घेतली म्हणजे सारा घोटाळा उलगडतो. लागण झालेल्यांपैकी सुमारे सत्तर टक्के लोकांस काहीच त्रास होत नाही, आणि पुरुषांत तर त्रास न होणे हाच बहुतेक नियम आहे. क्वचित एखाद्यास लघवीनंतर किंचित जळजळ होते, थोडा स्राव येतो, बाकी काही नाही. तो खातो-पितो, नांगर धरतो, गाडी हाकतो आणि ठणठणीत दिसतो. म्हणून तो ‘माले काय व्हयेल शे’ म्हणतो तेव्हा खोटे बोलतो असे नव्हे. त्याला खरोखरच काही जाणवत नाही. पण जीव त्याच्या अंगात असतो. बायको सात दिवस गोळ्या खाऊन निर्मळ होते आणि आठव्या-दहाव्या रात्री तोच रोग पुन्हा घेते. घरातल्या एका रांजणाला भोक असता दुसरा भरीत बसावे, तशी ही दवापाण्याची तऱ्हा आहे.

औषध काही मोठे नाही. मेट्रोनिडाझोल हे १९६० च्या सुमारास निघालेले जुने, स्वस्त औषध आजही यावर चालते. स्त्रीस बहुधा ४०० किंवा ५०० मिलिग्रॅमची गोळी सकाळ-संध्याकाळ सात दिवस देतात. पुरुषास २ ग्रॅमचा एकच डोस एका वेळी देतात. सेक्निडाझोल म्हणून त्याच जातीचे दुसरे औषध आहे, त्याचाही एकच डोस पुरतो. कोणते, किती व कधी हे तपासून डॉक्टरने ठरवावे. आमचा लेख वाचून कोणी दुकानातून गोळ्या आणून खाऊ नयेत. गोळी जेवणानंतर घ्यावी. तोंडास लोखंडासारखी चव येते, थोडे मळमळते, लघवी लालसर होते. त्याने घाबरू नये व औषध अर्ध्यावर सोडू नये. त्या दिवसांत दारू टाळावयास आपल्याकडील डॉक्टर सांगतात. काही पुरुष गोळी टाळतात ते एवढ्याच कारणासाठी, हेही आम्हांस ठाऊक आहे. दोघांचे औषध एकाच वेळी व्हावे, आणि दोघांचे पुरे होऊन त्रास थांबेपर्यंत, निदान सात दिवस, संबंध टाळावा. गावात अखंड हरिनामाचा सप्ताह बसतो तेव्हा सात दिवस नेम पाळणारे आमचे बांधव घरातल्या बाईच्या प्रकृतीसाठी हाही एक सप्ताह पाळू शकतील, याविषयी आम्हांस शंका नाही. तीन महिन्यांच्या आत स्त्रीची तपासणी पुन्हा एकदा करून घ्यावी. स्त्री गरोदर असली तरीही उपचार होतो, आणि तो टाळू नये. या रोगात मूल अपुऱ्या दिवसांचे किंवा कमी वजनाचे होण्याचा धोका वाढतो, तसाच एच.आय.व्ही. लागण्याचाही वाढतो.

येथे एक गोष्ट आमच्या भगिनींसाठी सांगितली पाहिजे. अंगावरून पांढरे जाणे हे प्रत्येक वेळी रोगाचेच लक्षण असते असे नाही. पाळीच्या मध्यावर पातळ, निर्मळ, बिनवासाचे पाणी जाते ते शरीराचे नेहमीचे काम आहे. त्याने हाडे झिजत नाहीत. ‘हाडांचा रस जातो’ ही समजूत साफ खोटी आहे. दह्याच्या कवडीसारखा पांढरा स्राव व भयंकर खाज असेल तर ती बहुधा बुरशी असते, आणि तिच्यासाठी नवऱ्यास सहसा औषध लागत नाही. पातळ राखी रंगाचा आणि मासळीसारखा वास येणारा स्राव हा आणखी निराळा. तो योनीतील जंतूंचा समतोल बिघडल्याने होतो. त्यातही नवऱ्याच्या औषधाचे काम नाही अशीच डॉक्टरांची समजूत आजवर होती. पण २०२५ साली ऑस्ट्रेलियातील डॉक्टरांनी जोडप्यांवर प्रयोग करून प्रसिद्ध केले की बायकोबरोबर नवऱ्यासही औषध दिले तर हा त्रास उलटण्याचे प्रमाण पुष्कळ घटते. म्हणजे जेथे पुरुषाचा काही संबंध नाही असे शास्त्रही म्हणत होते, तेथेही आता त्याला रांगेत उभे राहावे लागेल असे दिसते. गरमी व परमा यांत तर दोघांचा उपचार एकदम करावा हा नियम जुनाच आहे. यांतले आपले दुखणे कोणते, हे घरच्या घरी डोळ्यांनी ठरत नाही, तपासणीने ठरते.

घरात काय जपावे याविषयी लोकांत फार गोंधळ आहे, आणि त्या गोंधळाची शिक्षा बाईच भोगते. तिचे ताट वेगळे, तिचे अंथरूण वेगळे, तिने पाणी भरू नये, मुलास जवळ घेऊ नये, असले प्रकार आम्ही पाहिले आहेत. शिवाशिव गावाच्या वेशीवरून हटविण्यासाठी ज्यांच्या आज्यापणज्यांनी मार खाल्ला, त्यांच्याच चुलीपाशी ती पुन्हा येऊन बसावी हे दुर्दैव आहे. हा रोग ताटातून, पाण्यातून, हात लावल्याने, एका मोरीत अंघोळ केल्याने लागत नाही. ओल्या फडक्यावर हा जीव थोडा वेळ तग धरतो हे खरे, पण त्यातून लागण होणे फारच विरळा. तेव्हा टॉवेल, आतले कपडे व पाळीचे कापड ज्याचे त्याने वापरावे, साबणाने धुवावे आणि उन्हात वाळवावे, एवढे बस झाले. उन्हात म्हणजे उघड उन्हात! लाजेने पलंगाखाली किंवा दुसऱ्या लुगड्याखाली झाकून वाळत घातलेले कापड ओलेच राहते. आत तुरटी, लिंबाचा पाला, डेटॉल, साबण यांच्या पाण्याच्या पिचकाऱ्या मारू नयेत. त्याने आतील नैसर्गिक संरक्षण धुऊन जाते व दुखणे वाढते. बाहेरून साधे पाणी पुरते. आणि ज्यास घर सोडून महिनोन् महिने बाहेर राहावे लागते, त्याने निरोध वापरावा. ‘निरोध’ या नावाने तो १९६८ पासून सरकारने आपल्या दारी आणून ठेवला आहे, आणि सरकारी दवाखान्यात तो फुकट मिळतो. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन हमरस्ते आमच्या धुळ्यास एकमेकांस छेदतात. आमची शेकडो मुले त्यांवर गाड्या हाकून पोट भरतात. त्यांना कोणी पापी म्हणत असेल तर म्हणो. आम्ही त्यांना फक्त सावध म्हणून घरी परत आलेले पाहू इच्छितो.

‘हा रोग कोणी आणला?’ दवाखान्यातून घरी परतल्यावर पहिला सवाल हाच निघतो, आणि पंचायत बसते. आमचे सांगणे असे की ती बसवूच नये, कारण तिला खरा निकाल देताच येणार नाही. हा जीव कसलाही त्रास न देता अंगात महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे राहतो. तो कालचा की लग्नापूर्वीचा, तिचा की त्याचा, हे कोणतीही तपासणी सांगत नाही. ज्याला आधी लक्षणे दिसली त्यानेच तो आणला असे तर मुळीच नव्हे. आणि लक्षणे बहुधा आधी दिसतात बाईस! निसर्गाने तिला दुखण्याची जाणीव दिली, आणि त्या जाणिवेचाच आपण तिच्याविरुद्ध पुरावा केला.

हा न्याय नवा नाही. इंग्रज सरकारने छावण्यांतील गोऱ्या शिपायांस गुप्तरोग होतात म्हणून १८६४ साली छावण्यांचा कायदा आणि १८६८ साली शहरांसाठी संसर्गजन्य रोगांचा कायदा केला. त्या कायद्यांनी नोंद कोणाची केली? स्त्रियांची. सक्तीची तपासणी कोणाची? स्त्रियांची. रोग दिसला तर कोंडून कोणास ठेवले? स्त्रियांस. त्यांच्याकडे जाणारा पुरुष या कायद्याच्या कक्षेतच नव्हता. अर्धा रोगी मोकळा ठेवून अर्धा कोंडल्यावर जे व्हावयाचे तेच झाले: रोग हटला नाही, स्त्रियांची मात्र बेअब्रू झाली, आणि १८८८ साली १८६८ चा तो कायदा गुंडाळावा लागला. याच काळात, १८८२ साली, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून पुरुषांस विचारले की जे दोष तुमच्यांतही आहेत, त्यांचे माप एकट्या स्त्रियांच्या पदरात का घालता? त्या सत्यशोधकांच्या घरच्या. त्यांच्यावर आपल्याच लोकांनी टीकेची झोड उठविली तेव्हा जोतीरावांनी ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. त्या परंपरेचे नाव सांगणाऱ्या घरांतून आज कोनाड्यात गोळी आणि माहेरी सून असा देखावा दिसावा काय?

सुनेस हाकलण्याचा कागद करून देणारे सल्लागारही गावोगाव भेटतात. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात संसर्गजन्य अवस्थेतील गुप्तरोग हे घटस्फोटाचे एक कारण सांगितले आहे, हे ते मोठ्या आवाजात वाचून दाखवितात. ‘संसर्गजन्य अवस्थेतील’ हे शब्द मात्र हलक्या आवाजात वाचतात. आठवड्याच्या औषधाने जो संसर्ग संपतो त्यावर घर मोडू पाहणाऱ्याने त्याच कायद्याचे २३ वे कलमही वाचावे. स्वतःच्या गैरवर्तनाचा फायदा उठवून कोणास अशी दाद मागता येत नाही, असे तेथे लिहिले आहे. ज्याने आपली गोळी खाल्ली नाही, त्याने बायकोचा रोग बरा होत नाही म्हणून कोर्टात कोणत्या तोंडाने जावे? शिवाय २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याप्रमाणे तिला सासरच्या घरात राहण्याचा हक्क आहे, तो असल्या दुखण्याने नाहीसा होत नाही.

आमच्या बायका हे दुखणे किती गिळतात याचे माप एकदा महाराष्ट्रातच घेतले गेले. डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ या इंग्रजी वैद्यकीय पत्रात ती छापली. शंभरांतील ब्याण्णव स्त्रियांस एक ना एक स्त्रीरोग किंवा गुप्तरोग निघाला, आणि त्यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरांत आठ होत्या. साऱ्या जगाच्या डॉक्टरांनी त्या आकड्यांकडे डोळे विस्फारून पाहिले. आमच्या खेड्यांतील बायांना त्यांत नवल वाटले नसते. दुखणे सांगितले तर काय होते, तेही पाहावे. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली तेव्हा त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पोटात दुखते, पाळी फार जाते, पांढरे पाणी जाते, असल्या तक्रारी घेऊन गेलेल्या कित्येकींस ‘पिशवी सडली, कॅन्सर होईल’ असे भय घालून शस्त्रक्रियेच्या टेबलावर निजविण्यात आले होते. त्यांतल्या कितींचे दुखणे साध्या गोळ्यांनी गेले असते, याचा हिशेब त्यांच्याकडून पैसे घेणाऱ्यांनी द्यावा.

हा प्रश्न आमच्या खानदेशासही लागू आहे. साक्री-नवापूरकडील पट्ट्यातून सुरत-बारडोलीच्या साखर कारखान्यांच्या उसावर दरसाल टोळ्या जातात. मुकादम उचल देतो ती ‘कोयत्या’स देतो, आणि कोयता म्हणजे नवरा-बायको दोघे मिळून एक. एकटा पुरुष अर्धा कोयता. कर्जाच्या वहीत दोघांचे एकच नाव, ऊस तोडताना, मोळी बांधताना, गाडी भरताना दोघांचे एकच माप. मग दवाखान्याच्या चिठ्ठीवर तेवढे दोन कसे होतात? मालक आम्हांस क्षमा करोत, पण अर्ध्या कोयत्याने फड उरकत नाही हे ज्यांस पुरते कळते, त्यांस अर्ध्या औषधाने रोग उरकत नाही हे कळावयास जड नाही.

आता धंदेवाल्यांविषयी. बसस्थानकांच्या आसपासच्या भिंती पाहाव्या. ‘गुप्तरोग, धातू जाणे, पांढरे पाणी, खात्रीचा इलाज’ म्हणून रंगविलेले असते. गुप्तरोगांवरील औषधांच्या असल्या जाहिराती १९५४ च्या कायद्याने बंद आहेत; भिंतींना कोणी कळविलेले दिसत नाही. पूर्वी ग्रहशांतीसाठी दक्षिणा नेली जाई, आता शक्तिवर्धकासाठी नेली जाते. नेणारे बदलले, देणारा तोच राहिला. बाजारच्या दिवशी कापूस विकून आलेला माणूस तंबूतल्या हकिमास पैसे मोजतो, आणि सरकारी दवाखान्यात गोळी फुकट असता ‘फुकटचे औषध लागू पडत नाही’ म्हणतो.

सरकारी व्यवस्था आहे, हे आम्ही कबूल करतो. मोठ्या सरकारी रुग्णालयांतून ‘सुरक्षा क्लिनिक’ या नावाने गुप्तरोगांचे दवाखाने चालतात. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने आपल्या कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात (२००७-१२) लक्षणांप्रमाणे निरनिराळ्या रंगांची औषधांची पाकिटे तयार केली. अंगावरून पाणी जाण्याचे हिरवे, जखमेचे पांढरे, अशी ती होती. अक्षरशत्रू माणसासही समजेल अशी ती युक्ती आम्हांस पसंत पडली. १०९७ या क्रमांकावर फुकट फोन करून सल्ला विचारता येतो, नाव सांगावे लागत नाही. आमच्या धुळ्यात हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. पण खेड्यातून तेथवर येणारी बाई एकटी येते. तिच्या हाती नवऱ्याची गोळी देऊन ‘त्यांना द्या’ म्हणणे म्हणजे वाघाच्या गळ्यात घंटा बांधावयास शेळीस पाठविणे. गोळी दिली तर संशय, न दिली तर रोग, आणि दोन्ही बाजूंनी मार तिलाच.

म्हणून आमची मागणी अशी की आरोग्य खात्याने नवऱ्याची जबाबदारी बाईच्या पदरी बांधू नये. गावात आशाताई बायकांशी बोलतात, ते त्या उत्तम करतात. पण प्राथमिक आरोग्य केंद्रात पुरुष आरोग्य सेवक म्हणून जो कर्मचारी असतो त्याने पारावर, दूध डेअरीवर, सोसायटीच्या कट्ट्यावर पुरुषांशी बोलावे. रोगी बाईच्या नवऱ्यास नाव न फोडता बोलावून डोस समोर घ्यावयास लावावा. थेंबभर स्राव काचेवर घेऊन लगेच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर हा जीव पुष्कळदा पोहताना दिसतो. एवढ्या तपासणीसाठी बाईस जिल्ह्याच्या गावी यावे लागू नये. शाळांविषयी लिहावयाचे तर २००७ साली विधिमंडळात ओरड झाली आणि महाराष्ट्रातील किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम थांबविला गेला. त्या वेळी दहावीत असलेली मुले आज संसारी बाप झाली आहेत. शरीरशास्त्राच्या धड्यातील जननेंद्रियांचे पान आले की ‘हे घरी वाचा’ असे सांगून पुढचे पान उलटणारे शिक्षक आम्ही पुष्कळ पाहिले आहेत, आणि खरे सांगावयाचे तर त्यांत एके काळी आमचीही गणना होती. घरी ते कोणी वाचीत नाही. त्या पानाची जागा भिंतीवरची जाहिरात घेते.

मंडळाचे आम्ही दोघे जण त्या घरी जाऊन आलो. सासऱ्यांनी बसावयास घोंगडी टाकली, चहा दिला, सगळे ऐकून घेतले आणि ‘पोऱ्या ऐकेल तर खरे’ एवढे म्हणाले. सासूबाई दाराआड उभ्या होत्या. निघताना त्यांनीच पुढे होऊन विचारले, की गोळी आता जुनी झाली, ती चालेल का. आम्ही सांगितले की चालणार नाही, नवी आणावी लागेल, आणि सुनेचीही त्याच दिवशी पुन्हा तपासणी करून दोघांचे औषध एकदम सुरू करावे लागेल. मुलगा कामावर गेला होता. येत्या रविवारी तो घरी असतो असे कळले आहे. त्या दिवशी आम्ही पुन्हा जाणार आहोत.